गुण आला की योगायोग?

पालमच्या एखाद्या घरी बाळंतीण दवाखान्यातून परतली, की आशाताई बाळाला तपासायला येतात. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा. २०११पासून देशभर सुरू असलेल्या या भेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायला सुरुवात केली, ४७ गावांत आधीचीच व्यवस्था राहिली. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू सुरुवातीला दोन्हीकडे साठच्या आसपास होते. तिसऱ्या वर्षी काळजीच्या गावांत ते २५.५वर आले, इतरत्र जवळपास तेवढेच राहिले.

पण मृत्यू वर्षागणिक कमीजास्त होतातच. म्हणून संख्याशास्त्रात मुद्दाम उलटं धरून चालतात: काळजीने काहीच फरक पडला नाही. हे ‘शून्य गृहीतक’. ते खरं असतं, तर निव्वळ योगायोगाने एवढी तफावत दिसण्याची शक्यता किती? हजारात एकाहूनही कमी, असं गणित आलं. म्हणून ते गृहीतक सोडून दिलं.

‘काळजी निरुपयोगी असण्याची शक्यता हजारात एक’ असा याचा अर्थ नव्हे. ही गल्लत शिकलेली माणसंही करतात. आणि गुण किती आला, तेही त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी साठ आणि पंचवीसच पाहावे लागतात.