वरातीची उघडी गाडी

लग्नसराईत आपल्याकडं उघड्या गाडीतनं वरात काढायची हौस वाढलीय. लांबलचक बोनेट, चकचकीत बंपर, मागं माशाच्या शेपटीसारखे पंख. मेढ्यातल्या गटाच्या बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "ताई, पोरगा म्हणतोय जुन्या मारुतीचा टप कापून तसली गाडी करू, वरातीला भाड्यानं देऊ. गटातनं कर्ज मिळंल का?"

हा थाट मूळचा अमेरिकेचा. मुंबईला अमेरिकन गाड्या नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. पुढं वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ तयार झाल्या.

ते पंख आले लढाऊ विमानावरनं. जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल यांनी विमानाची शेपटी बघून १९४८ च्या कॅडिलॅकला मागं लहानसे उंचवटे दिले. लोकांना आवडले, मग ते वाढतच गेले. १९५९ ची कॅडिलॅक बघाल तर पंख सगळ्यांत उंच, त्यात बंदुकीच्या गोळीसारखे लाल दिवे. रस्त्यावर त्यांचा उपयोग जवळजवळ नाहीच. गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटावी, हेच त्यांचं काम. आपल्या साडीच्या काठांचं तरी दुसरं काय असतं?

अर्ल यांनी बायकाही नेमल्या होत्या. सूझन व्हँडरबिल्ट यांनी १९५८ च्या प्रदर्शनासाठी उघडी कॅडिलॅक सजवली. पण बायकांच्या वाट्याला बहुतेक आतलंच काम आलं, सीटचं कापड नि रंग. बाहेरचा पत्रा पुरुषांकडंच राहिला!

आता मुद्द्याचं. टप गाडीला ताठ धरतो. तो नसला की गाडी मधनं वाकायला बघते. म्हणून त्या कारखान्यांनी उघड्या गाडीखालची चौकट जादा मजबूत केली, आडवेतिडवे पोलादी पट्टे घातले. त्यामुळं दुमडता कापडी टप असूनही ती बंद गाडीपेक्षा जड भरायची. मारुती ८०० ला तर खाली वेगळी चौकटच नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. टप कापला की दारं नीट लागत नाहीत, तळ खचायला लागतो. तसल्या गाडीत नवरानवरी बसवून केळघर घाट चढायचा?

शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं कंपनीनं दिलेली मूळ बांधणी अशी बदलता येत नाही. अपघात झाला तर विमाही अडकतो.

वहिनींचा अर्ज आम्ही फेटाळला नाही. आरटीओची लेखी परवानगी आणा, असा शेरा मारून ठेवलाय. तोवर पोरानं बंद गाडी सजवून किती भाडं मिळतं, याचा हिशेब पुढच्या बैठकीत आणायचा आहे.