चावी कोणाची?

गणपतीपुळ्याला सहलीला गेलात की मुक्कामाच्या खोलीची चावी हातात पडते. कोणी तिला किल्ली म्हणते, कोणी चावी. वस्तू एक, मग नावे दोन का?

'किल्ली' हा शब्द घरचा. त्याचे नाते संस्कृत 'कील' म्हणजे खुंटी या शब्दाशी आहे. 'चावी' मात्र पोर्तुगीज 'चावे'पासून आली. गणपतीपुळ्यावर पोर्तुगीजांचे राज्य नव्हते. पण १५१० पासून गोवा आणि १५३४ ते १७३९ या काळात वसई त्यांच्याकडे होती. या दोहोंमधल्या किनाऱ्यावर गलबतांची सतत ये-जा असे. मालाबरोबर शब्दही उतरले.

पण हा शब्द पोर्तुगीजच कशावरून? पुरावा पाहू. प्राकृतातून जशी मराठी झाली, तशा लॅटिनमधून पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन आणि फ्रेंच या भाषा झाल्या. त्यांना रोमान्स भाषा म्हणतात. लॅटिनमध्ये किल्लीला 'क्लाविस' म्हणत. तिची लेकरे पाहा:

फ्रेंच – क्ले
इटालियन – क्यावे
स्पॅनिश – ल्यावे
पोर्तुगीज – चावे

एकाच 'क्ल'ची ही चार रूपे योगायोगाने झाली नाहीत. ज्वालेला लॅटिनमध्ये 'फ्लामा' म्हणत. स्पॅनिशमध्ये तिचे 'ल्यामा' झाले, पोर्तुगीजमध्ये 'चामा'. पावसाला लॅटिन शब्द 'प्लुविया'. स्पॅनिशमध्ये 'ल्युविया', पोर्तुगीजमध्ये 'चुवा'. म्हणजे अशा अनेक शब्दांच्या आरंभी क्ल, फ्ल, प्ल यांच्या जागी स्पॅनिशने 'ल्य' आणला, तर पोर्तुगीजने 'च'. ध्वनी बदलतात ते असे नियमाने. आपल्या शब्दात 'च' आहे, म्हणून तो फ्रेंच, इटालियन वा स्पॅनिश व्यापाऱ्याकडून आलेला नाही.

आता खरी गंमत. आज लिस्बनमध्ये हा शब्द 'च'ने नव्हे, 'श'ने सुरू होतो. तिथे 'शाव्' असे म्हणतात! सोळाव्या शतकात तिथेही 'च'च होता. सतराव्या शतकापासून तो हळूहळू 'श' झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत जुना 'च' अजून ऐकू येतो. आपल्याकडे हा शब्द 'च' घेऊन आला आणि तसाच राहिला. खडकात जसा शंखाचा ठसा राहतो, तसा जुन्या पोर्तुगीजचा एक उच्चार कोकणातल्या माणसाच्या तोंडी टिकला आहे.

मात्र पोर्तुगीजांबरोबर आलेला प्रत्येक शब्द लॅटिनचा नसतो. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द त्यांनी ब्राझीलच्या मूळ रहिवाशांकडून उचलले. म्हणून शब्द कोणाकडून आला आणि मूळचा कोणाचा, हे दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावेत.

आता तुम्ही करून पाहा. भाकरीला लॅटिनमध्ये 'पानिस', इटालियनमध्ये 'पाने', स्पॅनिशमध्ये 'पान' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये शेवटचा 'न' नाकात विरून 'पाँव'सारखा उच्चार होतो. तर मग बेकरीतून रोज घरी येणारा कोणता शब्द याच कुटुंबातला?