दुखण्याला आकार



कुणाचा पाय मोडला, तर ते साऱ्या गावाला दिसते. पण काही दुखणी वर्षानुवर्षे अंगात मुक्काम करतात आणि बाहेरून कुणाला पत्ता लागत नाही. सिकलसेल हे त्यांतलेच एक. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे ते बरेच आढळते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडांत, सांध्यांत, पोटात कळा उठतात. धड पेशी सुमारे १२० दिवस टिकते, विळ्यासारखी झालेली जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी पडते आणि थकवा येतो. हा आजार आईबाप दोघांकडून जन्मतःच येतो. शिवण्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

आता सिरोंच्याच्या एखाद्या शाळेत असे मूल आहे असे समजा. काल खेळत होते, आज कोपऱ्यात बसून आहे. गुरुजींना वाटते, कामचुकारपणा करते आहे. मुलाने सांगावे तरी कसे? प्राणहिता आणि गोदावरी जिथे भेटतात, त्या या मुलखात भाषाही भेटतात. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी गोंडी किंवा माडिया, आणि शाळेत मराठी. घरी आईजवळ ‘नोप्पी’ म्हणणारे पोर गुरुजींपुढे गप्प होते. आणि शब्द सापडला, तरी ‘दुखते’ एवढ्याने काय कळणार? टोचते की पिळते, जड वाटते की जळते, हे त्यात येत नाही.

इथे मूर्तिकला उपयोगी पडते. मातीला भाषा लागत नाही. पिळलेला गोळा, काट्यांनी भरलेला गुडघा, छातीवर ठेवलेला धोंडा, हे बघणाऱ्याला लगेच समजते.

ही वाट तशी नवी नाही. मुंबईत बांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत लोक मेणाचे हात आणि पाय वाहतात. कित्येक गावांत डोळे आले, तर देवीला चांदीचे डोळे वाहतात. दुखणाऱ्या अवयवाला आकार देऊन तो देवापुढे ठेवायचा, असा हा रिवाज. पण एक गोष्ट पाहा. नवसाचा हात नेहमी धड असतो. तो मागणे सांगतो, दुखणे सांगत नाही.

दुसरी तऱ्हा ब्राझील देशात दिसते. आंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ नावाचा मूर्तिकार तिथे होऊन गेला. १८१४ साली तो वारला. ऐन उमेदीत त्याला असा रोग जडला की हातपाय झडत चालले. रोग कोणता, यावर अजून एकमत नाही. लोक त्याला आलेइजादिन्यो, म्हणजे ‘लहानगा पांगळा’, म्हणू लागले. छिन्नी-हातोडा हातांना बांधून घेऊन तो काम करी, असे त्याच्या जुन्या चरित्रात सांगितले आहे. मदतनिसांना सोबत घेऊन त्याने १८०० ते १८०५ या काळात शंखजिऱ्याच्या मऊ दगडात बारा संदेष्ट्यांचे पुतळे घडवले. काँगोन्यास गावच्या देवळापुढे ते आजही उभे आहेत. त्याने आपला रोग कोरला नाही. रोग असूनही काम सोडले नाही.

तिसरी तऱ्हा आलिना शापोचनिकोव या पोलंडच्या बाईंची. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांनी राळ, मलमपट्टीचे कापड आणि वर्तमानपत्राचे कागद घेऊन गाठी घडवल्या आणि १९७१ साली काही गाठींना चक्क स्वतःचा चेहरा दिला. १९७३ साली त्या वारल्या. जे अंगाच्या आत लपून होते, ते त्यांनी बाहेर काढून सर्वांसमोर जमिनीवर मांडले. नवस बरे होणे मागतो, लिस्बोआ रोगाशी झुंजतो, आणि या बाई रोगाची हकीकत सांगतात. आपल्या कोपऱ्यातल्या मुलाला ही तिसरी वाट हवी आहे. दुखणे एकदा हाताबाहेर पाटीवर येऊन बसले, की मूल त्याच्याकडे बोट दाखवून म्हणू शकते, ‘हे माझे दुखणे’. ते आणि मी निराळे, एवढे कळले तरी धीर येतो.

शिक्षकहो, याला खर्च नाही. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या पोरांना माती मळायला शिकवावे लागत नाही. मात्र काही पथ्ये सांभाळा. थंडीने आणि अंगातले पाणी कमी झाल्याने सिकलसेलच्या कळा उठू शकतात. म्हणून माती कोमट पाण्यात भिजवा, मुलाला सावलीत बसवा आणि मधूनमधून पाणी प्यायला द्या. सगळ्या वर्गालाच माती द्या, एकट्याला वेगळे काढू नका. ‘तुझे दुखणे कर’ असे फर्मान सोडू नका. बैल केला तर बैल, साप केला तर साप. गुण देऊ नका आणि मुलाच्या मर्जीवाचून ते कुणाला दाखवू नका. मोडून टाकावेसे वाटले, तर खुशाल मोडू द्या. कुष्ठरोगाने हात बधिर झालेले कुणी मातीकाम करत असेल, तर काम संपल्यावर हात डोळ्यांनी नीट तपासा. कारण जखम झालेली त्या हाताला कळत नाही.

आणि हेही सांगितले पाहिजे, मातीने रोग बरा होत नाही. रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांना पर्याय नाही. ताप आला, दम लागला किंवा कळा असह्य झाल्या, तर माती बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठायचा. मातीचे काम त्याच्या अलीकडचे आहे. मुलाने गुडघ्यात काटे खोचलेला माणूस करून पुढे ठेवला, तर ‘छान’ म्हणून कपाटात ठेवू नका. जवळ बसा, हे काटे कधी टोचतात ते विचारा, आणि घरच्यांना बोलावून तपासणीचे बघा. मुलाने सांगितले आहे, आता ऐकण्याचे काम आपले.