भिंतीला तडे गेले तेव्हा

बांगलादेशची राजधानी ढाका. तिच्या वायव्येस सावर नावाचे उपनगर आहे. तेथील ‘राना प्लाझा’ ह्या आठ मजली इमारतीच्या भिंतींना व खांबांना २३ एप्रिल २०१३ रोजी तडे गेलेले दिसले. तपासणीस आलेल्या अभियंत्याने इमारत धोक्याची असल्याचे बजावले. खालची दुकाने बंद झाली; तेथील बँकेने आपल्या नोकरांस घरी धाडले. वरच्या मजल्यांवर तयार कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. तेथील कामकऱ्यांस मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावण्यात आले. पुष्कळजणी दाराशी घुटमळल्या. आत न गेल्यास महिन्याचे वेतन बुडेल, असा धाक त्यांना घालण्यात आला, असे बचावलेल्यांनी पुढे सांगितले. नऊच्या सुमारास वीज गेली, वरच्या मजल्यांवरील अवजड जनित्रे सुरू झाली आणि पाहता पाहता सारी इमारत खाली बसली. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. सुमारे अडीच हजार जखमी झाली. त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता.

इमारत दुकानांकरिता बांधलेली, वरचे मजले परवान्यावाचून चढविलेले, त्यांत यंत्रांचे ओझे व कंप. कारणे शोधणे अवघड नाही. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. तडा एकच, दिवसही एकच. मग बँकेचा कारकून घरी गेला आणि शिवणारी बाई जिना चढली, असे का व्हावे? तिला तडा दिसला नव्हता असे नाही. त्या काळी तेथे शिवणकामाचे किमान वेतन महिना ३,००० टाका होते. महिना संपत आलेला, केलेल्या कामाचा पैसा अजून मालकाच्या हाती, आणि पाचांपैकी एकाही कारखान्यात कामगार संघटना नव्हती. एकट्या बाईने मुकादमास ‘नाही’ म्हणावे ते कोणाच्या बळावर? मजुराचे वेतन अडकवून ठेवणाऱ्यांविषयी संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात काय लिहिले आहे, ते वाचकांनी ह्या संदर्भात पुन्हा काढून पाहावे.

पोपमहाराज तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रकात हाच प्रश्न हाताळला होता. मजुराने अटी मान्य केल्या एवढ्याने त्या न्याय्य ठरत नाहीत. गरजेपोटी किंवा अधिक मोठ्या संकटाच्या भीतीने त्याने कठोर अटी पत्करल्या असतील, तर तो जुलमाचाच बळी होय, असे त्यांनी शिकविले. आणि मजुरांचा संघ स्थापण्याचा हक्क उचलून धरला. राना प्लाझा कोसळल्यानंतर एका आठवड्याने, १ मे रोजी, कामकरी संत योसेफाच्या सणाच्या मिस्सात पोप फ्रान्सिस यांनी ह्या दुर्घटनेचा उल्लेख केला. मृतांना महिन्याला अवघे ३८ युरो मिळत, हे वर्तमानपत्रातील मथळ्यावरून कळल्याचे सांगून त्यांनी अशा मजुरीस गुलामगिरी म्हटले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहाराजांनी लिओ हे नाव घेतले, तेही मुख्यतः ह्याच परिपत्रकाची आठवण ठेवून.

कपड्यावर ज्या कंपनीचे नाव असते तिच्या मालकीचा कारखाना बहुधा नसतोच. ती मागणी नोंदविते. मागणी दलालाकडून कारखान्याकडे जाते, कधी तेथून पोटकंत्राटदाराकडे. वरून भाव पाडला आणि मुदत आखडली, की त्याचा भार पायरीपायरीने उतरत शेवटी यंत्रावर बसलेल्या बाईच्या पाठीवर येतो. चार लेकरांना सणाचे कपडे पुरवून घेणाऱ्या गरीब आईला ह्यात दोष देणे मला पटत नाही. भाव ठरविणारे हात दुसरेच आहेत. ह्या इमारतीतील काही कारखान्यांत पूर्वी परीक्षकही येऊन गेले होते. त्यांनी खांब तपासले नाहीत; ते त्यांचे काम नव्हते म्हणे!

दुर्घटनेनंतर, मे २०१३ मध्ये, कामगार संघटना व परदेशी कंपन्या यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. हा करार कायद्याने बंधनकारक होता. स्वतंत्र अभियंत्यांनी दीड हजाराहून अधिक कारखाने तपासले, त्यांचे अहवाल प्रसिद्ध झाले आणि धोक्याच्या जागी काम नाकारण्याचा कामकऱ्याचा हक्क मान्य झाला. बाहेर पडण्याच्या दारांची कुलुपेही काढावी लागली. हे किती आवश्यक होते ते नोव्हेंबर २०१२ मध्येच दिसले होते. ढाक्याजवळच्या ताझरीन कारखान्याच्या आगीत बंद दारांमागे निदान ११२ जीव गेले होते.

वेतनाची गाडी मात्र रखडत चालली आहे. २०२३ साली किमान वेतन १२,५०० टाका ठरले; संघटनांची मागणी २३,००० ची होती.

आपल्या घरची एखादी मुलगी शिवणाच्या कारखान्यात निघाली असेल, तर नेणाऱ्या मुकादमाला पगाराचा आकडा विचारून थांबू नये. पगार कोणत्या तारखेस व कोणाच्या हाती पडतो, वसतिगृहातून बाहेर पडण्यास मज्जाव आहे काय, कारखान्यात संघटना आहे काय, हेही विचारावे. वर्ष दोन वर्षांनी सारी रक्कम एकदम देऊ, असे कोणी म्हणाल्यास त्या बोलीवर मुलीस धाडू नये. आपल्या देशाच्या २०१९ च्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे.