प्रवासातील चूल आणि गॅसचा सिलिंडर

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की हैदराबादच्या विद्यानगरातील मराठी घरांतून यात्रेची बोलणी सुरू होतात. कोणी तुळजापूर-पंढरपूर करावयाचे म्हणतो, कोणी काशी-प्रयाग, तर कोणी वेलंकणीच्या मातेच्या दर्शनाचा बेत आखतो. बसगाडी ठरते, माणसे मोजली जातात आणि मग सामानाची यादी होते. पीठ, तांदूळ, डाळ, मोठे पातेले यांच्या जोडीला त्या यादीत आणखी एक जिन्नस सहज लिहिला जातो. तो म्हणजे गॅसचा सिलिंडर.

ही पद्धत नवीन नव्हे. शिधा बरोबर बांधून घ्यावा आणि मुक्कामावर तीन दगडांची चूल मांडावी, ही यात्रेकरूंची जुनी रीत होय. पुढे सरपणाची जागा रॉकेलच्या स्टोव्हने घेतली आणि स्टोव्हची जागा गॅसने. यामागील कारणे रास्त आहेत. चाळीस माणसांना दोन वेळा खाणावळीत जेवू घालणे अनेकांच्या ऐपतीबाहेरचे असते. वृद्धांना तिखट-तेलकट सोसत नाही. उपवासाचे व पथ्याचे पदार्थ परगावी मिळतीलच असे नाही. तथापि सरपण आणि गॅस यांत एक मूलभूत भेद आहे. सरपणाची मोळी दोरी सुटली तर फार तर विखुरते. सिलिंडरची तोटी सैल राहिली तर साऱ्या गाडीवर प्रसंग ओढवतो.

२६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे तामिळनाडूतील मदुराई स्थानकाजवळ हे भीषण रीतीने प्रत्ययास आले. लखनौहून यात्रेकरूंना घेऊन आलेला एक खास डबा तेथे रुळांवर उभा करून ठेवला होता. डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. रेल्वेने दिलेल्या माहितीनुसार त्याच्या वापरातूनच आग लागली आणि नऊ यात्रेकरूंचा अंत झाला. ती माणसे कोणाचे वाईट करावयास निघाली नव्हती. ती देवदर्शनाला निघाली होती. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे असा धोकादायक जिन्नस गाडीतून नेणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. काचीगुड्याहून नांदेड-मनमाडकडे जावयाचे असो वा सिकंदराबादेहून काशीला, आगगाडीत सिलिंडर नेऊ नये, हा नियम निरपवाद समजावा.

नियम का केला, हे कळले म्हणजे तो पाळणे सोपे जाते. सिलिंडरात असतो तो प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंच्या मिश्रणाचा द्रव. दाबाखाली हा द्रव थोड्या जागेत मावतो आणि तोटी उघडताच त्याची वाफ होऊन ती सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते आणि जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण शंभरात दोन भाग झाले, तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो. तिला मुळात वास जवळजवळ नसतो. गळती ध्यानात यावी म्हणून तीत मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. बंद बसगाडीत सिलिंडर आसनाखाली सरकविला आणि मधल्या वाटेवर मुले झोपविली, म्हणजे गळलेला गॅस नेमका त्या मुलांच्या अंगाखाली साचणार. परदेशांतील फिरत्या घरांत, ज्यांना कॅरॅव्हॅन म्हणतात, सिलिंडरसाठी वेगळा कप्पा असतो. तो राहण्याच्या जागेपासून अगदी बंद असतो आणि त्याच्या तळाशी बाहेर उघडणारे भोक ठेवलेले असते. गळती झालीच तर गॅस त्या भोकातून बाहेर जावा, हा त्यातील हेतू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांविषयी आपल्याकडेही कुतूहल वाढले आहे. गाडी भाड्याने घेणाऱ्याने गादी-पडदे पाहण्याआधी हा कप्पा पाहावा.

दुसरा प्रश्न पुन्हा भरून घेण्याचा. घरगुती सिलिंडरात पाणी भरले तर ते ३३ लिटरांहून किंचित अधिक मावेल. परंतु त्यात भरला जाणारा १४.२ किलो गॅस द्रवरूपाने सुमारे २६ लिटर, म्हणजे पात्राचा चार-पंचमांश भागच, व्यापतो. उरलेली जागा वाया गेलेली नसते. उन्हाने द्रव फुगला तर त्याला पसरावयास ती राखून ठेवलेली असते. पात्र काठोकाठ भरले आणि ऊन लागले, तर द्रवाला जागा उरत नाही आणि दाब असा वाढतो की जाड पोलादही टिकाव धरू शकत नाही. म्हणूनच गॅस भरण्याचे काम तोलकाट्यावर, परवानाधारक कारखान्यातच व्हावयाचे असते. या सर्व व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपूरला आहे. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांनी एका सिलिंडरातून दुसऱ्यात गॅस ओतण्यास मनाई केली आहे. असे असूनही शहरोशहरी, विशेषतः विद्यार्थ्यांच्या वस्त्यांतून, वर बर्नर बसविलेल्या लहानशा सिलिंडरात मोठ्यातला गॅस भरून देणारी दुकाने आढळतात. तेथे मोकळी ठेवावयाची जागा कोणी मोजीत नाही. काही रुपये वाचतात, परंतु वाचविणाऱ्याच्या हाती एक बंद स्फोटक येते.

सिलिंडरात गॅस किती उरला, हे ज्योतीच्या जोरावरून कळत नाही, कारण आतला दाब गॅसच्या साठ्यावर नव्हे तर तपमानावर अवलंबून असतो. खरा हिशेब वजनाचा. रिकाम्या सिलिंडराचे वजन त्याच्यावरच कोरलेले असते; ते एकूण वजनातून वजा केले, की उरलेला गॅस समजतो. तेथेच ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी सप्टेंबर व डी डिसेंबरअखेर. त्या मुदतीपूर्वी सिलिंडराची पुन्हा तपासणी झाली पाहिजे. मुदत उलटलेला सिलिंडर विक्रेत्याकडून घेऊच नये.

बदरीनाथासारख्या सुमारे ३,१०० मीटर उंचीच्या थंड स्थळी आणखी एक अडचण येते. ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते, तर प्रोपेनची उणे बेचाळीस अंशांपर्यंत होते. गारठ्यात शेगडी मंदावते आणि मग कोणी सिलिंडराखाली निखारे ठेवतो, कोणी त्याला आडवा पाडतो. हे दोन्ही उपाय प्राणघातक होत. आडव्या सिलिंडरातून वाफेऐवजी द्रवच नळीत उतरतो आणि बर्नरवर मोठी ज्वाळा उठते. सिलिंडर सदैव उभाच असावा. गारठ्यात स्वयंपाकास थोडा अधिक वेळ लागेल, हे धरूनच चालावे.

सीमा ओलांडणाऱ्यांसाठी ही गुंतागुंत अधिक वाढते. पशुपतिनाथाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की नेपाळात गॅस भारतातूनच जात असला, तरी सिलिंडर तेथल्या खाजगी कंपन्यांचे असतात. युरोपात तर देशागणिक सिलिंडर निराळा आणि त्याची तोटीही निराळी. इंग्लंड-जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबे फिरते घर घेऊन दुसऱ्या देशात जातात, तेव्हा रिकामा सिलिंडर तेथे बहुधा बदलून मिळत नाही. म्हणून तेथील नित्याचे प्रवासी गाडीतच कायम बसविलेले पात्र वापरतात. ते मोटारीचा गॅस मिळणाऱ्या पंपावर भरता येते. चार-पंचमांश भरताच त्यातील झडप आपोआप मिटते आणि निरनिराळ्या देशांतील पंपांसाठी चार प्रकारचे जोड जवळ बाळगले म्हणजे काम भागते. साधने भिन्न असली तरी राखून ठेवलेली जागा तीच, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग आपल्या यात्रेकरूंनी काय करावे? आगगाडीने जाणाऱ्यांनी शेगडी व सिलिंडर मुक्कामावरच भाड्याने घ्यावा अथवा धर्मशाळेच्या स्वयंपाकघराची आगाऊ विचारणा करावी. थोडे दिवस राहणाऱ्यांसाठी सरकारी तेल कंपन्यांचा पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्र दाखविले असता पत्त्याच्या पुराव्यावाचून मिळतो आणि त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे बदलता येतो. भाडे घेऊन जेवण देणाऱ्या यात्रा कंपनीने घरगुती नव्हे, तर व्यापारी सिलिंडर वापरावा आणि तो प्रवाशांच्या गाडीत न ठेवता मुक्कामावरच मागवावा. स्वयंपाक उघड्यावर करावा. नळी प्रमाणित असावी व पाच वर्षांनी बदलावी. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी ओढून गळती शोधू नये. रिकामा म्हटलेला सिलिंडरही पुरता रिकामा नसतो, म्हणून त्याचेही टोपण बसवूनच ठेवावे. वास आलाच तर विजेचे बटन न दाबता माणसे बाहेर काढावीत आणि मोकळ्या जागेतून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

यात्रेला निघताना घरातील वडील माणूस शिधा पुरेल की नाही हे पाहतो. त्याच काळजीने चूल कोठे पेटणार आणि तिचा गॅस कोण भरून देणार, हे त्याने घर सोडण्यापूर्वीच ठरवावे. जेवायला एखादा तास उशीर झाला तर चालेल. पण गेलेली सारी मंडळी सुखरूप परत आली पाहिजेत.