नऊवारी, फेटा आणि पेन्सिल : समोर बसलेल्या माणसाचं रेखाटन

वर्गात ‘माणूस काढा’ म्हटलं की बहुतेक मुलं गोल डोकं, त्याखाली त्रिकोणी झगा आणि दोन काड्या काढून मोकळी होतात. मोठी झाल्यावर झग्याच्या जागी साडी येते आणि डोक्यावर घागर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात ही घागरवाली बाई वर्षानुवर्षं चालतेच आहे. गावात नळ आले, पण तिच्या डोक्यावरची घागर काही उतरली नाही! कारण सोपं आहे. मुलं बाई बघून काढत नाहीत, आधीच्या चित्रातली बाई बघून काढतात.

यावरचा उपाय जुनाच आहे. पेहराव केलेलं खरं माणूस समोर बसवायचं आणि त्याच्याकडे बघत रेखाटन करायचं. कलाशाळेत याला ‘मॉडेल बसवणं’ म्हणतात. मुंबईचं सर जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं, तिथे हा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तिथेच शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांची चित्रं मुलांना जरूर दाखवा. १९२० साली निघालेल्या ओटो रोथफील्ड यांच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकात त्यांनी निरनिराळ्या समाजांतल्या स्त्रिया रंगवल्या आहेत. पदर कुठल्या खांद्यावरून येतो, निऱ्या कुठे खोचल्या आहेत, हे त्यात नीट कळतं. नुसती सुंदर बाई काढायची असती तर एवढं बघायची गरजच नव्हती.

मॉडेलसाठी लांब जायला नको. सा. ल. हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते प्रसिद्ध जलरंगचित्र, हातातल्या दिव्यावर तळवा धरलेली साडीतली मुलगी, तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेल. त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी गीता उभी राहिली होती. आपल्याकडे तर घरोघरी आज्या आहेत. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत लुगडं नेसणाऱ्या म्हाताऱ्या अजून ओट्यावर बसलेल्या दिसतात. दर वर्षी थोड्या कमी दिसतात, हेही खरं. म्हणून हे काम ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ढकलू नका.

आता प्रत्यक्ष काम. लागतं फार थोडं : ४बी पेन्सिल किंवा कोळसा, साधा स्वस्त कागद आणि पाठीला पुठ्ठा. खोडरबर दप्तरातच राहू द्या. सुरुवातीला एकेका मिनिटाची पाच-सहा रेखाटनं. त्यात नाक-डोळे नाहीत, काठ-पदर नाहीत. डोकं कुठे झुकलं आहे, कणा कसा वाकला आहे, भार कुठल्या मांडीवर आहे, एवढंच. मग पाच मिनिटांचं एक आणि शेवटी वीस मिनिटांचं. मुलं थेट शेवटच्या चित्राला हात घालायला बघतात, कारण ‘छान’ चित्र तेच होतं. तिथे शिक्षकाने ठाम राहावं. एका मिनिटात दागिने काढायला वेळच नसतो, म्हणून तर माणूस दिसतं.

प्रमाणासाठी डोक्याचं माप घ्या. उभं मोठं माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढं भरतं, सहा-सात वर्षांचं मूल सहाच्या आसपास. बसलेल्या माणसाला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर माप घ्यावं आणि डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

खरी गंमत कपड्यात आहे. कापडाला स्वतःचा आकार नसतो. ते कुठेतरी अडकतं, तिथून ताणलं जातं आणि उरलेलं खाली लोंबतं. म्हणून आधी अडकण्याच्या जागा शोधा : खांदा, कोपर, कंबर, गुडघा. चुण्या तिथूनच निघतात. नऊवारीचं आठेक मीटर कापड कमरेशी आवळलेलं असतं आणि कासोटा दोन पायांमधून मागे खोचलेला असतो. त्यामुळे बाई उकिडवी बसली की चुण्या गुडघ्यापासून कमरेकडे ओढ घेतात. सहावारीत पुढच्या निऱ्या पायाशी मोकळ्या पडतात. दोन्ही साड्याच, पण रेषा अगदी निराळ्या. खळ घातलेलं सुती धोतर कोपऱ्याकोपऱ्यांनी मोडतं, सिंथेटिक साडी घरंगळते. फेटा काढताना आधी आत डोकं आहे हे लक्षात ठेवा. प्रत्येक वेढा डोक्याभोवती वळून मागे जातो. नाहीतर कपाळावर ठेवलेली जिलबी तयार होते.

काठाचा उपयोग करून घ्या. मांडीवरून जाणारा काठ सरळ काढला तर मांडी फळीसारखी चपटी दिसते, वळवून काढला की लगेच गोलाई येते. हे बघायला जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहेच. तिथल्या भित्तिचित्रांत पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं नेसलेली माणसं आहेत आणि ते पट्टे शरीराबरोबर वळतात. जे. जे.चे ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तिथे वर्षानुवर्षं नकला करत बसले होते, ते उगाच नाही. सहल नेलीत तर निदान एका गुहेत मुलांना मोबाईल खिशात ठेवून पाच मिनिटं या पट्ट्यांकडे बघायला सांगा.

एक सावधगिरी. स्नेहसंमेलनासाठी भाड्याने मिळणारी शिवलेली नऊवारी मॉडेलला घालू नका. तिच्या निऱ्या शिवलेल्या असतात, कंबरेला नाडी असते. बसलं तरी चुण्या हलत नाहीत आणि मुलं खोटं शिकतात. पावरा, भिल्ल किंवा बंजारा पेहराव तर नुसता ‘ड्रेस’ म्हणून कुणाच्याही अंगावर चढवू नये असं माझं मत आहे. चोपडा, शिरपूरकडच्या शाळांत ते कपडे ज्यांच्या घरात आहेत अशी मुलं वर्गातच असतात. त्यांच्या आई-आजीला विचारा. त्या आल्या तर कुठला दागिना कशासाठी, हे त्याच सांगतील.

बसणं हेसुद्धा काम आहे, हे विसरू नका. वीस मिनिटं न हलता बसून बघा, पाय बधिर होतात. मॉडेलला टेकायला द्या, मधे उठू द्या आणि पुन्हा त्याच जागी बसता यावं म्हणून पावलांभोवती खडूची खूण करा. बाई मजुरीवर जाणारी असेल तर तिचा तेवढा खाडा भरून द्यावा. चहावर भागवू नये. चित्रं तिला दाखवावीत. एका आजीबाईने आमच्या मुलांची सगळी चित्रं निरखून पाहिली आणि एकावर बोट ठेवून विचारलं, ‘‘हाई कोन शे?’’ ते चित्र अर्थातच समोर न बघता काढलेलं होतं.

आणि पेहराव म्हणजे फक्त जुनं असंही नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर घरच्या पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल गुंडाळतात, कमरेला कापसासाठी फडकं बांधतात. खानदेशातला आजचा हाच पेहराव स्मरणचित्रात मात्र अजून आलेला नाही. दिवाळीच्या सुटीत शेतात एकीला दहा मिनिटं बांधावर बसवून घ्या. शर्ट खांद्यावरून उतरलेला असतो, साडीच्या निऱ्या त्याखालून फुगून बाहेर येतात आणि बाहीचं बटण मनगटाशी घट्ट लावलेलं असतं, बोंडाच्या काट्यांनी हात ओरखडू नये म्हणून.