लहान गावाची सावधगिरी



लहान गावात दोन बातम्या सर्वांत लवकर पसरतात. कोणाच्या घरी काय दुखणे आले ही एक, आणि गावात नवा माणूस कोण राहावयास आला ही दुसरी. ह्या दोन बातम्या एकाच वेळी आल्या म्हणजे गावाचे डोके ठिकाणावर राहणे कठीण होते. आज ज्या गावाची हकीकत मी सांगणार आहे ते फार दूर, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील ओरेगॉन राज्यात आहे. त्याचे नाव द डॅल्स. कोलंबिया नदीच्या काठचे, त्या वेळी सुमारे दहा हजार वस्तीचे, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. भोवती फळबागा, गावात कोर्टकचेरी, एक इस्पितळ आणि हमरस्त्याने जाणाऱ्यांसाठी उपाहारगृहे. तरीही ही हकीकत आपल्याला अगदीच परकी नाही, कारण तिचे एक टोक पुण्याच्या कोरेगाव पार्कात आहे.

रजनीशांचा आश्रम तेथे १९७४ साली सुरू झाला. भगवे-तांबडे कपडे आणि गळ्यात गुरूच्या चित्राची माळ अशा वेशातले देशी-विदेशी शिष्य पुणेकरांनी पुष्कळ पाहिले, थोडी चेष्टा केली, थोडी कुरकुर केली, आणि त्यांच्यामुळे थोडा धंदाही केला. १९८१ साली रजनीश अमेरिकेस गेले. शिष्यांनी ओरेगॉनमध्ये बिग मडी नावाचे ६४,००० एकरांचे गुरांचे रान विकत घेतले आणि दोन-तीन वर्षांत तेथे रजनीशपुरम नावाचे शहर उभे केले. रस्ते केले, धरण बांधले, शेती केली, विमानांसाठी धावपट्टीसुद्धा केली.

कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला येथे पहिला प्रश्न सुचतो तो असा की, हे काम केले कोणी आणि त्यांना मजुरी काय मिळाली? काम शिष्यांनी केले, दिवसाचे बारा-बारा तास आणि त्याहूनही अधिक, आठवड्याच्या सुटीवाचून. मजुरी नव्हती. कामाला तेथे काम म्हणत नसत, उपासना म्हणत. गुरूसाठी मात्र रोल्स-रॉइस मोटारी जमल्या ९३. कामाला उपासना म्हणणारे मालक आम्हीही पाहिले आहेत, पण त्यांच्याकडे निदान हजेरीपत्रक असते. ह्या लोकांना कोणी धरून आणले नव्हते हेही सांगितले पाहिजे. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, चांगली शिकलीसवरलेली मंडळी होती, आणि पुष्कळजण मनापासून सुखी होते.

त्या रानाजवळ अँटिलोप नावाचे चिमुकले खेडे होते. वस्ती जेमतेम पन्नास माणसांची, बरीचशी म्हातारी. रानाची जमीन शेतीसाठी राखीव, तेथे छापखाना-कचेऱ्या घालण्यास कायद्याची आडकाठी. म्हणून पंथाने अँटिलोपमध्ये घरे घेण्यास सुरुवात केली. गावकरी घाबरले आणि गावाची नगरपालिकाच बरखास्त करावी असा ठराव त्यांनी एप्रिल १९८२ मध्ये मतास टाकला. पण तोवर नवे रहिवासीही मतदार झाले होते. ठराव ५५ विरुद्ध ४२ मतांनी पडला. पुढे नगरपालिका पंथाच्या हाती गेली आणि १९८४ मध्ये गावाचे नावच बदलून 'रजनीश' असे ठेवण्यात आले. हे सारे मतपेटीतून झाले. ज्यांचा जन्म तेथे गेला त्यांनी दाद मागावयाची कोठे?

वैर वाढत गेले. जुलै १९८३ मध्ये पोर्टलंड शहरातील पंथाच्या हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. तो करणारा एका दुसऱ्याच अतिरेकी पंथाचा माणूस होता. त्यानंतर रजनीशपुरममध्ये बंदुका वाढल्या, पहारे वाढले. बाहेरचे जग आपल्या जिवावर उठले आहे असे आतल्या माणसाला सांगण्यास आता हातात पुरावा होता. ज्या संस्थेचे कारभारी असे सांगू लागतात, तेथे 'हिशेब दाखवा' म्हणणाराही फितूर ठरतो. रजनीशांची सचिव मा आनंद शीला हिच्या हाती सगळा कारभार एकवटला. रजनीश स्वतः काही वर्षे जाहीरपणे बोलतच नव्हते.

आता द डॅल्सकडे वळू. हे गाव म्हणजे वास्को काउंटीचे मुख्य ठाणे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा घटक. तिचा कारभार तिघेजण पाहात आणि त्यांपैकी दोन जागांची निवडणूक नोव्हेंबर १९८४ मध्ये होती. त्या दोन जागा मिळाल्या की जमिनीचे, बांधकामाचे परवाने आपल्या हाती येतील, असा पंथाच्या कारभाऱ्यांचा हिशेब. आपली मते पुरेनात म्हणून त्यांनी देशभरच्या शहरांतून बेघर माणसे बसगाड्या भरभरून आणली. त्यांत व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले शिपाईही होते. अन्न, कपडे, निवारा फुकट. वरून पाहता हे मोठेच दानधर्माचे काम. पण काउंटीच्या नोंदणी कचेरीने, प्रत्येक नव्या मतदाराने जातीने हजर राहून आपल्या वास्तव्याची खात्री पटवावी, असा नियम लावला आणि बेत फसला. मग ह्या माणसांचा उपयोग उरला नाही. कित्येकांना आसपासच्या गावांत नेऊन सोडून देण्यात आले, आणि त्यांना घरी धाडण्याचा भार धर्मादाय संस्थांवर पडला. त्यांना शांत ठेवण्यासाठी बिअरमधून गुंगीचे औषध दिले जात होते, हे मागाहून उघड झाले.

मतदार वाढवणे हा एक उपाय झाला. दुसरा होता तो गावातले मतदार अंथरुणावर पाडण्याचा. २९ ऑगस्ट १९८४ रोजी काउंटीचे कारभारी पाहणीसाठी रजनीशपुरमला गेले, तेव्हा त्यांतील दोघांना पिण्याच्या पाण्यातून रोगजंतू देण्यात आले. दोघेही आजारी पडले, एकाला इस्पितळात ठेवावे लागले. उन्हाचा दिवस, पाहुण्यास पाण्याचा पेला पुढे केला, त्याने तो प्यायला. ह्यात संशय घ्यावा असे काय होते?

त्यानंतर ९ सप्टेंबरपासून द डॅल्समध्ये माणसे भराभर आजारी पडू लागली. ताप, जुलाब, पोटात मुरडा. एक लाट १८ सप्टेंबरपर्यंत आली, दुसरी १० ऑक्टोबरपर्यंत. एकूण ७५१ रुग्ण नोंदले गेले, ४५ जणांना इस्पितळात दाखल करावे लागले. गावातल्या एकुलत्या एका इस्पितळाच्या खाटा भरून गेल्या. सुदैवाने कोणी दगावले नाही. जंतू निघाला साल्मोनेला टायफिम्युरियम.

हा जंतू पोटात गेल्यापासून साधारण बारा ते बहात्तर तासांत माणूस आजारी पडतो. म्हणून रोग्याला 'आज काय खाल्ले' एवढे विचारून भागत नाही, तीन दिवसांचे जेवण आठवावयास लावावे लागते. अन्न चांगले शिजवले तर जंतू मरतो, पण कोमट अन्नात झपाट्याने वाढतो, आणि कच्च्या पदार्थाला तर आच लागतच नाही. राज्याच्या आरोग्य खात्याची आणि अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राची माणसे दारोदार हिंडून हेच विचारीत होती. गावात ३८ उपाहारगृहे. त्यांतील १० ठिकाणी बहुतेक रोगी जेवले होते. आणि त्या दहांपैकी आठांत 'सॅलड बार' होता, म्हणजे बर्फावर मांडलेली कच्ची कोशिंबीर, चटण्या, दह्यासारखी सारणे, ज्यांतून गिऱ्हाइकाने आपल्या हाताने वाढून घ्यावयाचे. उरलेल्या २८ उपाहारगृहांपैकी फक्त तिघांत अशी सोय होती. म्हणजे विषाचे ठिकाण सापडले. पण ते तेथे आले कसे? दहाही ठिकाणी पाणी एक नव्हते, माल पुरवणारा एक नव्हता, बाधलेला पदार्थही एक नव्हता.

आणि येथे जे झाले ते वाचताना मी थांबलो. प्राथमिक निष्कर्ष असा निघाला की, उपाहारगृहांतील नोकरांनी हात स्वच्छ न धुतल्यामुळे रोग पसरला असावा. नोकरही आजारी होतेच. ते रोज त्याच कोशिंबिरीतून जेवत. जो आजारी पडला त्याच्यावरच आळ आला! आचारी, वाढपी, भांडी घासणारी पोरे ह्यांच्यावर बोट ठेवणे सर्वांत सोपे असते. त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसते, आणि त्यांचे हात खरोखरच सर्व ताटांना लागलेले असतात. तपास करणारी माणसे दुष्ट होती असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. असे विष कोणी मुद्दाम कालवील ही कल्पनाच त्यांना अघटित वाटली.

गावाला मात्र ती पहिल्या दिवसापासून वाटत होती. लोक उघड म्हणत होते, हे तांबड्या कपडेवाल्यांचे काम. जेम्स वीव्हर ह्या लोकप्रतिनिधीने २८ फेब्रुवारी १९८५ रोजी अमेरिकन काँग्रेसमध्ये भाषण करून हा आरोप जाहीरपणे मांडला. पंथाने उत्तर दिले, हा धर्मद्वेष आहे. गावकऱ्यांचा संशय पुढे खरा ठरला, पण त्या वेळी त्यांच्याजवळ पुरावा नव्हता. त्यांच्यातले काहीजण कपड्याचा रंग पाहूनच बोलत होते, हेही खोटे नव्हते. उद्या असाच संशय एखाद्या निरपराध मठावर, दर्ग्यावर किंवा चर्चवर आला असता तर गाव त्याच आवेशाने बोलले असते.

प्रश्न सुटला तो वादविवादाने नव्हे. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला आणि तिची जवळची मंडळी देश सोडून गेली, आणि खुद्द रजनीशांनीच पत्रकारांपुढे त्यांच्यावर विषप्रयोगाचे आरोप केले. पोलिसांना आत जाण्यास वाट मिळाली. ऑक्टोबरमध्ये रजनीशपुरममधील प्रयोगशाळेत साल्मोनेलाचा नमुना सापडला. तो द डॅल्सच्या रोग्यांतून निघालेल्या जंतूशी ताडून पाहिला, तेव्हा दोहोंत फरक आढळला नाही. हे ताडून पाहता आले, कारण वर्षभरापूर्वीचा जंतू कोणीतरी प्रयोगशाळेत नावनिशी लावून जपून ठेवला होता. शीलाने १९८६ मध्ये गुन्हा कबूल केला. शिक्षा वीस वर्षांची झाली, प्रत्यक्षात ती अडीच वर्षांच्या आतच सुटली. रजनीशांवर विषप्रयोगाचा गुन्हा शाबीत झालेला नाही. परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याच्या भंगाबद्दल त्यांना दंड झाला आणि देश सोडावा लागला. ते १९८७ साली पुण्यास परतले आणि १९९० मध्ये तेथेच वारले. तपासाची सविस्तर हकीकत अमेरिकन वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात १९९७ साली छापून आली. ती मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. रोगाची सुरुवात आजारी नोकरांमुळे झाली असा कोणताही पुरावा नाही, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. तेरा वर्षांनी का होईना, आचाऱ्या-वाढप्यांचे नाव मोकळे झाले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या गावात कोणी मुद्दाम विष कालवील अशी भीती घालण्यास मी आलेलो नाही. पण जत्रा, भंडारा, महाप्रसाद, लग्नाच्या पंगती ह्यांतून विषबाधा झाल्याचे आपण वरचेवर वाचतो, आणि त्या वेळी लागणारी तयारी अगदी तीच आहे. पूर्वी वारीला जाणाऱ्यांना कॉलऱ्याची लस टोचून घेण्याची सक्ती असे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल.  गावातील डॉक्टरांनी एकाच दिवशी आलेले जुलाबाचे सात-आठ रोगी एकमेकांना आणि आरोग्य खात्याला कळवावेत. रोग्याचा नमुना औषध सुरू करण्याआधी घ्यावा. आणि मोठ्या पंगतीत शिजलेल्या प्रत्येक पदार्थाची एक-एक वाटी झाकून, तारीख घालून, दोन-तीन दिवस थंड जागी ठेवावी. ह्याला खर्च काहीच नाही.

पंथांविषयी म्हणाल तर गुरू कोण, देव कोणता, कपडा कोणत्या रंगाचा, हे विचारण्याचा गावाला अधिकार नाही. पण आत गेलेला माणूस मनात आले तर आपले पैसे घेऊन परत येऊ शकतो का, घरी पत्र लिहू शकतो का, त्याच्या श्रमाचा मोबदला कोणाच्या खिशात जातो, जमिनीचे कागद कोणाच्या नावावर आहेत, दारावर बंदूक कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार जरूर आहे. वारीत माणूस आपल्या पायाने येतो आणि आपल्या पायाने घरी जातो.

काही वर्षांपूर्वीची आमच्या भागातली एक गोष्ट सांगतो. एका मंगल कार्यालयात लग्नाच्या जेवणानंतर शंभरावर माणसे आजारी पडली. मालकाने दुसऱ्याच दिवशी दोन वाढप्यांना आणि भांडी घासणाऱ्या एका मुलाला काढून टाकले. तो मुलगा उरलेली बासुंदी खाऊन स्वतः सरकारी दवाखान्यात सलाइन लावून पडला होता. मी तेथेच त्याला भेटलो. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी अन्नाचा नमुना मागितला, तर हंडे-पातेली रात्रीच घासून पालथी घातलेली. दूध कोठून आले, खवा किती दिवसांचा, काहीच शाबीत झाले नाही. मालकावर नाही, दूधवाल्यावर नाही, आणि ह्या तिघांवरही नाही. पण नोकऱ्या गेल्या त्या ह्या तिघांच्याच. त्यानंतर आमच्या संघटनेने ठराव केला की, पंगत उठली की आचाऱ्याने झाकणाचा डबा भरून बाजूला ठेवावयाचा आणि त्यावर मालकाची सही घ्यावयाची. डबे भरले जातात. सही करावयास अजून दोनच मालक तयार झाले आहेत.